उशिरा म्हटलेला एक

गाडी बघायला आलेला माणूस आधी दार आपटून पाहतो. 'धप्प' असा भरीव आवाज आला की खूश, पत्र्यासारखा आला की तोंड उतरतं. मग काच खाली-वर, मग डिक्कीची उघडझाप, मग सीटवर बसून दोनदा उड्या. एवढं झालं की तो वर्ध्याचा असो, आर्वीचा असो की हिंगणघाटचा, ठरलेला प्रश्न येतोच. "पिकअप कसा आहे?"

वर्ध्याच्या एका शोरूममध्ये तीस वर्षं मी या प्रश्नाचं उत्तर देत होतो. ग्राहकाला गाडीत बसवायचं, फिरवून आणायचं, आणि तो गाडीतून उतरला तरी गाडी त्याच्या मनातून उतरायला नको, एवढं माझं काम. कागदपत्रं करणारे टायवाले वेगळे. पण गाडी रस्त्यावर विकली जाते, टेबलावर नाही, हे टायवाल्यांनाही माहीत होतं. दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर मला आधी गमतीच आठवल्या. त्या सांगतो. पण ज्यासाठी लिहायला बसलो ती गंमत नाही, हे सुरुवातीलाच सांगून ठेवलेलं बरं.

पुलगावचे एक निवृत्त हेडमास्तर यायचे. पहिल्या खेपेला घरून स्टीलचा गडू काठोकाठ भरून आणला आणि मांडीवर घेऊन बसले. म्हणाले, "पाणी सांडलं नाही तर गाडी घेतो." मी गाडी अशी चालवली की झोपलेलं लेकरू उठू नये. थेंब सांडला नाही. मास्तर उतरले, गडूतलं पाणी शोरूमच्या कुंडीत ओतलं आणि म्हणाले, "हिच्यात दम नाही." दुसऱ्या खेपेला मी दम दाखवला, तर सगळं पाणी त्यांच्या धोतरावर. तिसऱ्या खेपेला ते गडू न आणता आले आणि ज्या गाडीत बसलेही नव्हते तीच पसंत करून गेले. रंग आवडला म्हणे.

सिंदी रेल्वे या गावचा एक कापसाचा व्यापारी होता. त्याला जिल्ह्यातली सगळ्यात जास्त पिकअपची गाडी हवी होती. "समोरचा मागं राह्यला पाह्यजे," एवढी एकच अट. दिली. तीन वर्षांनी सर्व्हिसिंगला आला तेव्हा टायर जवळपास नवे. चाळीसच्या वर काटा कधी गेलाच नव्हता. मी विचारलं तर म्हणाला, "मले पळवाची कुठी हाय, काका? पळू शकते हे माईत असलं म्हंजे झोप चांगली लागते." या धंद्यातलं एवढं मोठं सत्य मला दुसऱ्या कोणी सांगितलं नाही.

आता माझ्या मोजणीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. शाळेत खो-खोच्या सामन्यांना गुरुजी मला वेळ धरायला बसवायचे. शाळेचं घड्याळ मनात येईल तेव्हा बंद पडायचं, म्हणून मी तोंडानेच मोजायला शिकलो. दुपारभर भिंतीवरच्या घड्याळासमोर बसून सराव करायचो. पुढे पुढे असं झालं की मी डोळे मिटून साठ म्हणायचो आणि डोळे उघडले की सेकंदकाटा बरोबर बारावर. देवाने मला दुसरी काही विद्या दिली नाही, पण ही दिली, आणि तिचा मला गर्व होता. होता असंच लिहितो.

गावाबाहेर बायपासचा एक तुकडा तयार होऊन उद्घाटनाची वाट पाहत पडला होता. सरळ, रिकामा, कडेला विजेचे खांब. तिथे एका खांबाशी गाडी उभी करायची, एक्सलेटरवर पाय दाबला की 'एक' म्हणायचं आणि पुढचे दोन खांब ओलांडेपर्यंत मोठ्याने मोजत जायचं. कमी आकड्यात पोचली ती चलाख गाडी. लोकांना हा खेळ फार आवडायचा. सावंगीच्या मेडिकलचा एक विद्यार्थी मोबाईलवर 'शून्य ते शंभर इतक्या सेकंदांत' असले आकडे काढून आला होता. त्याने मोबाईलच्या घड्याळावर माझी मोजणी पाच वेळा तपासली. पाचही वेळा जुळली. "काका, तुमचा आकडा चुकतच नाही," तो म्हणाला. तेव्हापासून मी 'मोजणारे काका' झालो. ग्राहक मालकाला सांगायचे, टायवाला नको, मोजणारे काका पाठवा.

त्या विद्यार्थ्याला मी एक गोष्ट समजावली होती. ती इथेही सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला ती माहीत नसते. सगळ्यांना वाटतं, मोठी गाडी म्हणजे जास्त पिकअप. तसं नसतं. लांबलचक लक्झरी सेडान घ्या. तिचं इंजिन ताकदवान, पण टर्बोचं. टर्बोला आधी हवेचा दाब तयार करावा लागतो, जुन्या स्टोव्हला पंप मारावा लागायचा तसा. गाडी थोडी जुनी असली तर पाय दाबल्यावर ती क्षणभर जागेवर थांबते आणि मग सुटते. एकदा सुटली की तिला कोणी धरू शकत नाही. साठपासून पुढे ती राणी. उलट छोटी हायब्रीड हॅचबॅक. तिच्यात पेट्रोलचं लहानसं इंजिन आणि जोडीला विजेची मोटर. मोटरला दाब बनवायचा नसतो. मिक्सरचं बटन दाबलं की पातं फिरतं, तसा पाय पडला की ती निघते. शंभराच्या पुढे तिचा दम संपतो, पण उभ्या जागेवरून पहिल्या दोन-तीन सेकंदांत ती भल्याभल्यांना मागे टाकते. आणि आमच्या जिल्ह्यात बहुतेक माणसांचं काम त्या पहिल्या दोन-तीन सेकंदांशीच असतं.

हे मला पक्कं माहीत होतं. माहीत नसतं तर आज हा लेख लिहायची वेळ आली नसती.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या दिवाळीची गोष्ट. शोरूममध्ये नवी हायब्रीड हॅचबॅक आली होती आणि मागच्या शेडमध्ये एक जुनी लक्झरी सेडान उभी होती. ती घ्यायला आमच्या मालकांना, म्हणजे भैयाजींना, मीच भरीला पाडलं होतं. "ही हातोहात जाईल," असं छाती काढून सांगितलं होतं. ती अकरा महिने हलली नाही. भैयाजी रोज सकाळी तिच्यावरची धूळ बोटाने काढायचे, बोट मला दाखवायचे आणि केबिनमध्ये जायचे. मार्चमध्ये मी निवृत्त होणार होतो. ही गाडी माझ्या मागे शेडमध्ये राहिली तर लोक माझी आठवण धुळीवरून काढतील, असं मला वाटायला लागलं होतं.

अशात कुंदाबाई आणि नामदेवराव आले. सेलूच्या अलीकडचं भाजीपाल्याचं घर. वांगी, मिरच्या, सांभार म्हणजे कोथिंबीर लावतात आणि वर्ध्याच्या बाजारात आणतात. नामदेवरावांच्या किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा सावंगीला डायलिसिस. भाड्याची व्हॅन कधी येई, कधी येत नसे, म्हणून कुंदाबाई बावन्नाव्या वर्षी ड्रायव्हिंग स्कूलला जाऊन गाडी शिकल्या होत्या. लायसन्स पदराच्या गाठीत बांधून आणलं होतं. मी मागितलं नव्हतं तरी सोडून दाखवलं.

नामदेवराव सेडानच्या मागच्या सीटवर बसले आणि तिथेच आडवे झाले. "हे बरी हाय," ते डोळे मिटून म्हणाले. "येताना अंगात काईच राह्यत नाई. इथी झोपता येते."

कुंदाबाईंना ते पटलं, पण त्या गाडीकडे नाही, माझ्याकडे पाहत होत्या. "भाऊ, मले एकच सांगा. आमची वाट फोरलेनले लागते. इकून टरक येते, तिकून टरक येते. दुभाजकाच्या कटातून मले पलीकडच्या रस्त्याले लागा लागते. एकडाव थ्या कटातच व्हॅन अडली, तं टरक आरसा घेऊन गेला. ह्या दोनीत कोनती झटकन निंघते? तुमी मोजून दाखवता म्हंते."

एवढा स्वच्छ प्रश्न मला तीस वर्षांत कोणी विचारला नव्हता. त्याचं उत्तरही तेवढंच स्वच्छ होतं: छोटी.

"दोन्ही दाखवतो, ताई," मी म्हणालो.

बायपासवर आधी हॅचबॅक नेली. कुंदाबाई बाजूला बसलेल्या. पाय दाबला, 'एक' म्हटलं, तिसऱ्या खांबाशी सात झाले. परत येऊन सेडान नेली. त्याच खांबाशी उभी केली. पाय दाबला. गाडी तिच्या सवयीप्रमाणे जागेवर थांबली. आणि माझी जीभही थांबली. गाडी सुटली तेव्हा मी 'एक' म्हटलं. तिसऱ्या खांबाशी सहा.

मुद्दाम केलं नाही, तोंडातून तसं गेलं, असं लिहिता आलं असतं. ते दुसरं खोटं होईल. पाय दाबल्यावर मला 'एक' म्हणायचं होतं, आणि मी ते म्हटलं नाही. खरं मोजलं असतं तर सेडानचेही सातच झाले असते, आणि त्यातला पहिला एक गाडी जागेवर उभी असतानाच गेला असता. कुंदाबाईंचा प्रश्न नेमका त्या पहिल्या एकाचाच होता. त्यांची नजर खांबाकडे होती, माझ्या पायाकडे नव्हती. माणूस मोजणाऱ्यावर विश्वास ठेवतो तेव्हा खांबाकडेच पाहतो.

"म्हंजे मोठी लवकर निंघते," त्या म्हणाल्या. त्यांना इतकं बरं वाटलं की त्या हसल्या. नवऱ्याला झोपता येईल आणि कटही पार होईल, दोन्ही एकाच गाडीत.

गाडी न्यायच्या दिवशी चारी चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. कुंदाबाई स्वतः स्टेरिंगवर बसल्या. लिंबं फुटल्याचा आवाज आला तशा त्या लहान पोरीसारख्या माझ्याकडे वळून हसल्या. शेड रिकामी झाली. भैयाजींनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला आवडली, हेही लिहून ठेवतो.

मार्चमध्ये निवृत्त झालो. शाल, श्रीफळ, समोसे. भाषणात भैयाजी म्हणाले की जिल्ह्यात घड्याळं चुकतील, पण आमचे मोजणारे काका चुकणार नाहीत. टाळ्या पडल्या. मी खाली मान घालून बसलो, तर लोकांना वाटलं, विनय आहे.

पुढच्या पावसाळ्याअखेर मोतीबिंदू दाखवायला मी सावंगीला गेलो. फाटकाशी एका भरगच्च ऑटोतून कुंदाबाई उतरताना दिसल्या. त्या नामदेवरावांना दोन्ही हातांनी धरून उतरवत होत्या. नामदेवरावांच्या भुवईवर एक व्रण होता, तो आधी नव्हता. कुंदाबाईंनी मला पाहिलं आणि तोंडभर हसल्या. "भाऊ! बरे हा न?"

"ताई, गाडी कुठं?"

"घरी हाय. ताडपत्री टाकून ठेवली." त्यांचं हसू गेलं. "मले नाई जमली, भाऊ."

नामदेवरावांना बाकावर बसवून त्यांनी सांगितलं. दुसऱ्याच आठवड्यात कटावर गाडी उभी होती. समोर जागा मिळाली. त्यांनी पाय दाबला. "मले वाटलं का दाबला. पन गाडी हाल्लीच नाई. टरक हॉर्न देऊन राह्यला अन् गाडी तिथीच. मंग एकदम अशी उसळली का मी घाबरून बिरेक मारला. याइचं डोस्कं पुढच्या सीटवर आपटलं. रक्त थांबेच ना. किडनीच्या बिमारीत रक्त लवकर थांबत नाई म्हंते न, म्हून."

"मग?"

"मंग काय. मीच घाबरली असन. पाय दाबलाच नसन मी. गावातले म्हंते, या वयात काऊन गेलती स्टेरिंगवर बसाले. तवापासून मी नाई बसली." मग त्या मलाच धीर देत असाव्यात तशा म्हणाल्या, "गाडी तुमची चांगली हाय, भाऊ. तिच्यात खोट असती तं तुमच्या मोजनीत आली असती. सहा मोजले होते तुमी. माह्या कानानं आयकले मी. खोट माह्या पायातच हाय."

मी तिथे काय बोललो ते आठवत नाही. बहुधा "असं होतं कधी कधी" असलं काहीतरी. डोळे न दाखवताच घरी आलो. एका बाईने बावन्नाव्या वर्षी, गावाचं हसू अंगावर घेऊन एक विद्या मिळवली होती, नवऱ्याच्या जिवासाठी. ती मी एका आकड्याने तिच्याकडून काढून घेतली होती. आणि ती माझ्याच मोजणीची साक्ष काढून स्वतःला दोषी ठरवत होती. शिव्या दिल्या असत्या तर मी त्या ऐकून घेतल्या असत्या. आमच्या धंद्यात शिव्या पचतात.

लगेच तिच्याकडे जायला हवं होतं. मी गेलो नाही. तीन आठवडे घरात बसून राहिलो. बायको विचारायची, काय झालं, तर म्हणायचो, डोळ्यांचं. मधे एकदा भैयाजींकडे जाऊन सगळं सांगितलं आणि गाडी परत घ्या म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "तुमच्या मोजणीवर गेलेली एक गाडी परत घेतली, तर बाकीच्या सगळ्या दारात उभ्या राहतील. त्यांत किती खऱ्या होत्या, सांगता का?" बाकीच्या सगळ्या खऱ्या होत्या. पण हे मी म्हणालो, तर त्यांनी विश्वास का ठेवावा?

शेवटी एका शुक्रवारी सकाळी मोटारसायकल काढून कुंदाबाईंच्या वावरात गेलो. शुक्रवार डायलिसिसचा, हे मला माहीत होतं. ते निघण्याआधी गाठायचं होतं. नामदेवराव बाजेवर कपडे करून बसले होते आणि कुंदाबाई सांभाराच्या शेवटच्या जुड्या बांधत होत्या. मला पाहून त्यांनी हात झटकले. "या न भाऊ. च्या मांडतो."

"चहा नको, ताई. आधी ऐकून घ्या. त्या दिवशी मी खोटं मोजलं."

त्यांना कळलं नाही. कळणार कसं? मोजणं खोटं असू शकतं हेच त्यांच्या मनात नव्हतं. मी म्हटलं, ताडपत्री काढा. गाडीची बॅटरी जिवंत होती. चालवत नव्हत्या तरी कुंदाबाई दर रविवारी गाडी चालू करून दहा मिनिटं तिच्याजवळ उभ्या राहायच्या. मी स्टेरिंगवर बसलो, त्यांना बाजूला बसवलं आणि वावराकडच्या सरळ वाटेवर गाडी नेली.

"समोर पाहू नका," मी म्हणालो. "माझ्या पायाकडे पाहा."

पाय दाबला आणि 'एक' म्हटलं. गाडी जागेवरच होती. मग ती सुटली. परत मागे घेतली. पुन्हा पाय, पुन्हा 'एक', पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला कुंदाबाई खाली वाकून, सीटला हात टेकून पाहत होत्या.

"पाय तं दाबलेला हाय," त्या हळूच म्हणाल्या.

"हो."

"मंग हे आधी थांबते?"

"थांबते. पहिल्यापासून थांबते. मी त्या दिवशी ती थांबलेली असताना गप्प बसलो. सुटल्यावर मोजायला लागलो."

त्या सरळ बसल्या. "तुमाले माईत होतं?"

"हो."

"तवाच?"

"तेव्हाच."

मला वाटलं, आता सुरू होईल. मी तयार होतो. खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. दार उघडून त्या उतरल्या आणि बाजेकडे जवळजवळ पळतच गेल्या. "आयकलं का तुमी? माहा पाय चांगला हाय! मी दाबला होता! मी घाबरली नोती, मी दाबला होता पाय!" त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. तिकडे बांधावर वांगी तोडणाऱ्या शेजारणीला त्यांनी ओरडून सांगितलं की पाय चांगला हाय. त्या बाईला काही कळलं नाही, पण तिनेही हात वर केला.

मी गाडीपाशी उभा होतो. त्या आनंदात माझ्यासाठी एक शिवी असती तर मला तिथे उभं राहता आलं असतं.

नामदेवराव मात्र हसले नाहीत. ते मला म्हणाले, "मी पन तिलेच बोललो, भाऊ. टाके घालताना बोललो, घरी येऊन बोललो. तुह्यानं नाई होनार म्हनलो. तुमच्या एका आकड्यापाई माह्या तोंडून थे निंघालं." त्यांनी भुवईवरून हात फिरवला. "याचं काई नाई. थ्या बोलन्याचं काय करू?"

मी म्हणालो, गाडी बदलून देण्याची काहीतरी सोय करतो. नामदेवराव मान हलवून म्हणाले, नको, इथी झोपता येते. कुंदाबाई तोवर तोंड धुऊन आल्या होत्या. त्यांनी पिशवी घेतली, नामदेवरावांना धरून मागच्या सीटवर बसवलं, उशी दिली. मग स्वतः स्टेरिंगवर बसल्या. "बसा, भाऊ," त्या मला म्हणाल्या. मी बाजूला बसलो.

वाटेवरून त्यांनी गाडी नीट आणली. फोरलेन आली. पहिला रस्ता ओलांडून गाडी कटात उभी राहिली. समोर ट्रकांची रांग चालली होती. दहा-अकरा महिन्यांनी ती बाई त्या जागी पुन्हा आली होती. मला वाटलं, माझी खरी गरज आता आहे. आयुष्यात एवढं एकच मला येतं आणि ते मी इथे नीट करून दाखवीन. मी म्हणालो, "ताई, घाबरू नका. आता ती किती थांबते ते आपल्याला माहीत आहे. मोठी जागा मिळेपर्यंत थांबा. मग तुम्ही फक्त पाय दाबा. मी मोजतो."

कुंदाबाईंची नजर रस्त्यावरून हलली नाही. आवाज चढलेला नव्हता, रागही नव्हता.

"नाई, भाऊ. मोजाचं मी पाहून घेईन. तुमी उतरा."

तीस वर्षांत चाचणीच्या गाडीतून मला कोणी उतरवलं नव्हतं. मी दार उघडून उतरलो आणि दुभाजकाच्या दगडाशी उभा राहिलो. दोन ट्रक गेले, एक बस गेली. काचेतून कुंदाबाईंचे ओठ हलताना दिसले. गाडी क्षणभर जागेवर थांबली, मग सुटली आणि पलीकडच्या रस्त्याला लागून वर्ध्याकडे निघून गेली. त्या काय मोजत होत्या ते मला ऐकू आलं नाही, आणि ऐकायचा मला हक्कही नव्हता.